गाडी चालवताना जळका वास येतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑइल कमी झालं, इंजिन तापलं, बॅटरी चार्ज होत नाही, यासाठी डॅशबोर्डवर दिवे असतात. क्लच प्लेट करपतेय, एका चाकाचा ब्रेक अडकून राहिलाय किंवा सीटखालची वायर वितळतेय, यासाठी साध्या गाडीत एकही दिवा नसतो. तिथे आपलं नाकच कामाला येतं. म्हणून काचा खाली करून वास घालवण्याआधी किंवा एअर फ्रेशनरने तो झाकण्याआधी तो कशाचा आहे हे ओळखायला हवं. खालची उत्तरं मुख्यतः पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहेत. इलेक्ट्रिक गाडीसाठी पुढे वेगळा प्रश्न घेतला आहे.

वास आला की सगळ्यात आधी काय करायचं?

इंडिकेटर देऊन गाडी कडेला घ्यायची. घाटात असाल तर वळणावर थांबू नका, मागच्या ट्रकला तुम्ही उशिरा दिसता. थोडी रुंद, सपाट जागा बघून थांबा. कडेला वाळलेलं गवत असेल तर त्यावर गाडी उभी करू नका. इंजिन बंद करा, हॅझर्ड लावा आणि सगळ्यांना रहदारी नसलेल्या बाजूने खाली उतरवा. मुलं मागे झोपली असतील तर त्यांना उठवायचा कंटाळा करू नका.

मग गाडीभोवती एक फेरी मारा. बोनेटच्या फटीतून धूर येतोय का, कुठल्या चाकाजवळ वास जास्त आहे, गाडीखाली काही लोंबतंय किंवा ठिबकतंय का, हे पाहा. बोनेटला हाताची मागची बाजू हलकेच लावून बघा. चटका बसण्याइतकं तापलं असेल किंवा धूर दिसत असेल तर बोनेट उघडायचंच नाही. आत विझत आलेली आग ताज्या हवेने भडकते.

धूर नसेल, पण वास प्लास्टिकचा किंवा पेट्रोलचा असेल, तर गाडी पुन्हा सुरू करू नका. बाकी वासांत थोडा वेळ थांबून, कारण बघून, सावकाश पुढे जाता येतं. त्याचं पुढे येईलच.

वास माझ्याच गाडीचा आहे की पुढच्या ट्रकचा, हे कसं कळणार?

बोरघाट, कसारा किंवा खंबाटकी उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकांच्या ब्रेक लायनरचा वास अख्ख्या घाटात पसरलेला असतो आणि प्रत्येकाला तो आपल्याच गाडीचा वाटतो. एसीचं बटण रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवण्यावर टाका आणि पुढच्या वाहनापासून अंतर वाढवा. दोन-तीन मिनिटांत वास गेला तर तो बहुधा बाहेरचा होता. तसाच राहिला किंवा वाढला, तर गाडीतला. तरी खात्री हवी असेल तर थांबून चाकांजवळ जाऊन वास घ्या. एका मिनिटाचं काम आहे.

कुठला वास कशाचा असतो?

घर्षणाने करपलेल्या क्लच प्लेटचा वास नाकात झोंबणारा, जळलेल्या कागदाच्या जवळ जाणारा असतो आणि तो केबिनमध्ये बराच वेळ रेंगाळतो. ब्रेकचा वास त्याच घराण्यातला, पण त्याला धातूची धार असते आणि तो चाकाजवळ स्पष्ट येतो. वायरवरचं प्लास्टिक तापलं की उग्र, कधीकधी चक्क मासळीसारखा वास येतो. अनेकांचा इथेच गोंधळ होतो आणि ते डिकीत काही सांडलंय का ते शोधत बसतात. तापलेल्या सायलेन्सरवर इंजिन ऑइल पडलं तर जळक्या तेलाचा जड वास आणि निळसर धूर. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास गोडसर, काकवीकडे झुकणारा. सडक्या अंड्याचा वास आला तर बॅटरी जास्त चार्ज होतेय किंवा इंजिनाचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडलाय.

वासाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची. चढावर आला तर संशय क्लचवर, उतारावर आला तर ब्रेकवर. सिग्नलला उभं राहिल्यावर आला तर ऑइल गळतीवर आणि एखादं बटण दाबल्यावर आला तर वायरिंगवर. मेकॅनिक निम्मं निदान याच प्रश्नावरून करतो.

घाट चढताना वास येतो. क्लच गेला का?

एकदा वास आला म्हणजे क्लच गेला असं नाही. पण त्याचा थोडा भाग झिजला, हे नक्की.

क्लच प्लेट ही फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती, आणि प्रेशर प्लेट यांच्यात दाबली जाते. पूर्ण दाबली गेली की ती इंजिनाबरोबर एकजीव फिरते, तेव्हा घर्षण नाही आणि उष्णताही नाही. अर्धवट दाबून ठेवली, म्हणजे हाफ क्लच, की इंजिन एका वेगाने फिरतं आणि प्लेट दुसऱ्या. मधल्या फरकाची सगळी ताकद उष्णता होऊन प्लेटच्या अस्तरात मुरते.

सिंहगडाचा रस्ता रविवारी सकाळी पाहा. अरुंद चढ, वर पार्किंग भरलेलं, रांग दोन-दोन फूट सरकतेय. चालक ब्रेक सोडून क्लच आणि रेसवर गाडी चढावर तरंगत ठेवतात. सहा जण बसलेल्या गाडीला हे पाच-सात मिनिटं करायला लावलं तर धडधाकट क्लचही वास सोडतो. सलग सुट्ट्यांत खंबाटकीत अडकलेल्या गाड्यांचं तेच होतं. अशा वेळी बोनेट उघडून इंजिनाकडे पाहून उपयोग नाही. तिथे काही दिसणार नाही, क्लच गिअरबॉक्सच्या पोटात असतो.

उपाय सोपा आहे, फक्त सवय लागते. चढावर थांबायचं तर हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला टाका, क्लचवरचा पाय पूर्ण काढा. पुढची गाडी दोन फूट सरकली म्हणून लगेच सरकू नका, चांगलं अंतर पडू द्या आणि एकदाच उठा. उठताना पहिला गिअर, हलकी रेस, क्लच पकडायला लागल्यावर गाडीचं नाक किंचित उचललं जातं, त्या क्षणी हँडब्रेक सोडा. मागचा हॉर्न वाजवेल. त्याला वाजवू द्या.

वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबा. पेडल दाबून ठेवू नका. नंतर सावकाश निघा आणि पकड नेहमीसारखी आहे का ते बघा. पार्किंगमधून चढावर रिव्हर्स घेताना येणारा वासही हाच. रिव्हर्सला दुसरा गिअर नसतो, त्यामुळे हळू जायला सगळेच क्लचवर खेळतात. तिथे घाई न करता दोन-तीन टप्प्यांत गाडी घेतलेली बरी.

क्लच खरोखर घसरतोय का, हे स्वतः तपासता येतं का?

येतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास वेग ठेवा आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएमचा काटा चढला, पण गाडी तितकी पळाली नाही, तर प्लेट घसरतेय. दुसरी खूण म्हणजे पेडल अगदी वर आल्याशिवाय गाडी हलत नाही. ही खूण एकटी पुरेशी नाही, केबल सैल किंवा घट्ट असली तरी फरक पडतो. पण दोन्ही दिसल्या तर क्लच सेट बदलायची तयारी ठेवा.

बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकावा. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते. फक्त प्लेट टाकून थोडे पैसे वाचवले आणि सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा आहेत का, हेही तेव्हाच डोळ्यांनी बघून घ्या. ऑइल सील गळत असेल तर ते बदलल्याशिवाय नवा क्लच बसवू देऊ नका. तेल लागलेली प्लेट घसरतेच. आणि वॉरंटीचं विचाराल, तर क्लच प्लेट झिजणारा भाग मानतात. त्यामुळे बहुतेक वेळा ती त्यात बसत नाही.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. मग हा वास कसा येतो?

एएमटीमध्ये, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेल्या ऑटोमॅटिक यंत्रणेत, क्लच असतोच, फक्त पाय तुमचा नसतो. यंत्र तो दाबतं आणि सोडतं. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवली की एएमटीचा क्लच हाफ क्लचइतकाच जळतो. ही सवय इतकी सर्रास दिसते की एएमटी विकताना शोरूममध्येच ती मोडायला शिकवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. थांबायचं म्हणजे ब्रेक, सरकायचं म्हणजे ॲक्सिलरेटर, मधलं काही नाही. कोरड्या क्लचच्या डीसीटी, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांना संथ वाहतूक आणखी जड जाते. त्यांत क्लच किंवा ट्रान्समिशन तापल्याची सूचना स्क्रीनवर येते. ती आली की थांबायचंच. क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टर गाडीत वास आला तर ट्रान्समिशन ऑइल करपलंय का ते बघायला सांगा. चांगलं ऑइल बहुतेक वेळा लालसर असतं, करपलेलं काळपट होतं आणि वासावरूनच कळतं.

घाट उतरताना चाकांतून वास आला. किती गंभीर आहे?

क्लच जळाला तर गाडी थांबते, ब्रेक जळाले तर गाडी थांबत नाही. गांभीर्य इथे आहे.

दहा-बारा किलोमीटर उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला की पॅड आणि लायनर इतके तापतात की त्यांची पकड कमी होते. पेडल कडकच लागतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक फ्लुइड उकळणं. डॉट-४ प्रतीचं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेल्या डॉट-४ साठी किमान मर्यादा १५५ अंशांची आहे, डॉट-३ साठी १४० ची. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला जातं. कोकणपट्टीतल्या दमट हवेत आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात हे फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलणं टाळू नका. सर्व्हिसिंगच्या बिलात ते बहुधा नसतं, मागून घ्यावं लागतं.

उतरायची जुनी रीत अजूनही बरोबर आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आंबेनळी, वरंध, आंबोली, चोर्ला इथे बहुतेक वेळा दुसरा, कधी तिसरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक वळणाआधी ठाम दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो.

न्यूट्रल करून उतरणं हा तर गुन्हाच मानावा. पेट्रोल वाचतं हा समजही चुकीचा आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते द्यावंच लागतं. कोणी इंजिनच बंद केलं तर दोन-तीन वेळा दाबल्यावर पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर रिकामा होतो, पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जातं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर ब्रेक न लागल्याने अवजड वाहनांचे किती भीषण अपघात झाले आहेत, ते सगळ्यांनी वाचलंय. उतारावर न्यूट्रलवर सोडलेली गाडी हे त्यातलं वारंवार पुढे आलेलं कारण आहे.

वास आल्यावर सपाट जागी थांबा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, तापलेला ड्रम आणि लायनर अडकू शकतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. अर्धा तास द्या. निघण्याआधी पेडल दाबून बघा. ते मऊ, स्पंजसारखं लागलं तर घाट उतरू नका, टो करणारी गाडी बोलवा.

तापलेल्या चाकावर पाणी ओतू का?

नाही. लाल होण्याइतकी तापलेली डिस्क एकदम गार केली की वाकते किंवा तडकते, आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. वाऱ्यानेच गार होऊ द्या. चाकातून ज्वाळा दिसत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे आग विझवणं आधी.

सपाट रस्त्यावरही एकाच चाकाकडून वास येतो. का?

आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा. एक खाचा वर राहिलेला हँडब्रेक हे सगळ्यात साधं कारण आहे, आणि तो वास मागच्या दोन्ही चाकांकडून येतो.

एकाच चाकाकडून येत असेल तर त्या चाकाचा ब्रेक जाम आहे. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या स्लाइड पिनवरचं ग्रीस सुकतं, रबरी बूट फाटून आत पाणी जातं, गंज चढतो आणि पॅड डिस्कला चिकटूनच राहतो. पावसाळा संपल्यावर हे प्रकार वाढतात. गाडी महिनाभर सोसायटीत उभी राहिल्यावरही होतात. खुणा म्हणजे गाडी एका बाजूला ओढते, मायलेज पडतं, न्यूट्रलला सोडल्यावर ती लवकर थांबते. पाच-सात किलोमीटर ब्रेक कमी वापरून चालवा, थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त धगधगत असेल तर तेच.

वेळेत पकडलं तर हे थोडक्यात निभावतं. पिन काढून साफ करायच्या, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावायचं, फाटलेले बूट बदलायचे. साधं ग्रीस चालत नाही, ते उष्णतेने वितळतं आणि रबर फुगवतं. उशीर केला तर पॅड, डिस्क आणि पुढे व्हील बेअरिंगही जातं.

वायर किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास येतोय, पण काहीच दिसत नाही. गाडी चालवत घरी जाऊ का?

नको. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. क्लचचा वास पैशांचं नुकसान सांगतो, वायरचा वास आगीची सूचना असतो. आणि वायरची आग डॅशबोर्डच्या मागे, पायाजवळ, सीटखाली सुरू होते, म्हणजे माणसं बसतात तिथेच.

किल्ली बंद करा. वास लगेच कमी झाला तर चालू असलेल्या कुठल्यातरी उपकरणाचा होता. बंद करूनही वाढत असेल तर बॅटरीतून थेट येणारी वायर शॉर्ट आहे. बोनेट गार असेल, धूर नसेल आणि दहाचा पाना जवळ असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. आधी निगेटिव्हच. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर तिथेच ठिणगी पडते.

कारण बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या वस्तूंमध्ये सापडतं. हेडलाइटचं उदाहरण घ्या. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. बारा व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ ॲम्पिअर. त्याजागी ‘जास्त उजेड’ म्हणून १०० वॉटचा टाकला की ८ ॲम्पिअरहून जास्त करंट त्याच बारीक वायरमधून जातो. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीनपट. आधी वायर जोडणारा प्लास्टिकचा कपलर पिवळा पडतो, मग वितळतो, मग वास येतो. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, ॲम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा, सीटखालचे रंगीत दिवे यांची वायर कोणी मूळ वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोडली असेल तर उन्हाळ्यात ती टेप सुटतेच. नवं काही बसवायचं तर रिले, स्वतंत्र फ्यूज आणि कपलर हवा. हे न मागता करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन मिळाला तर त्याला सोडू नका.

दुसरं कारण उंदीर. पावसाळ्यात ते कोरडी, उबदार जागा शोधत इंजिनापाशी येतात आणि वायरी कुरतडतात. गाडी आठवडाभर उभी असेल तर सुरू करण्याआधी बोनेट उघडून लेंड्या, गवत, चिंध्या दिसतात का बघा. तिसरं, ब्लोअर. पंखा फक्त सगळ्यात जास्त वेगावर चालतो, खालच्या वेगांवर नाही, आणि एसीच्या जाळीतून वास येतो, तर ब्लोअरचा रेझिस्टर जळलाय. सिगारेट सॉकेटमधले हलके मोबाइल चार्जरही तपासा. सैल बॅटरी टर्मिनलही तापतं.

एकच फ्यूज सारखा उडतो. मोठा टाकला तर चालेल?

चालणार नाही. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. लाल १० ॲम्पिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. लालच्या जागी हिरवा टाकला तर आता फ्यूजऐवजी वायर जळेल. चांदीच्या कागदाची किंवा तांब्याच्या तारेची जोडणी तर हातानेच आग लावण्यासारखी आहे. फ्यूज का उडतो, ते शोधायला लावा.

कालच सर्व्हिसिंग केलं, आज वास येतोय.

ऑइल भरताना चार थेंब गरम भागावर सांडले असतील तर एक-दोन दिवसांत ते जळून वास जातो. पण तसं गृहीत धरू नका. ऑइल फिल्टर नीट बसलाय का, भरायचं झाकण आवळलंय का, खालचा नट गळत नाही ना, हे त्याच दिवशी बघा. डिपस्टिक पुसून पातळी पाहा. कधीकधी पुसायचं फडकंच इंजिनावर विसरलेलं असतं आणि ते सायलेन्सरला लागलं तर पेट घेतं. नवे पॅड बसवले असतील तर पहिले काही दिवस हलका वास साहजिक आहे. त्या काळात अचानक कडक ब्रेक शक्यतो टाळा.

चालताना काही नाही, सिग्नलला थांबलं की तेल जळाल्याचा वास येतो.

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग जुनं होऊन कडक झालं की ऑइल पाझरून थेट धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं. गाडी चालू असताना वारा वास मागे नेतो, थांबलं की तो बोनेटखालून एसीच्या हवेत शिरतो. पॅकिंग स्वस्त, काम तासा-दोन तासांचं. पण टाळत राहिलात तर ऑइल बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर आणि बेल्टवर गळतं आणि खर्च वाढतो. या वासाबरोबर डोकं जड होत असेल तर सायलेन्सरचा धूरही आत येत असू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. काचा खाली करा आणि एग्झॉस्टचे जोड तपासून घ्या.

गोडसर वास येतो आणि तापमानाचा काटा वर चढलाय.

कूलंट गळतंय. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम करून पंखा मोठा करा. इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये निघून येते आणि थांबायची जागा शोधायला वेळ मिळतो. थांबल्यावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उकळतं पाणी तोंडावर उडतं. हे भाजणं फार वाईट असतं. अर्धा-पाऊण तासाने, वरची नळी हाताला गार लागल्यावर, जाड फडकं धरून सावकाश उघडा. अडचणीत साधं पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. जमिनीवर सांडलेलं कूलंट धुऊन टाका. ते विषारी असतं आणि गोडव्याने कुत्री-मांजरं ते चाटतात.

रबर जळाल्याचा वास?

बहुधा बेल्ट. सैल किंवा चिरलेला बेल्ट पुलीवर घसरतो, सकाळी किंवा पावसात कीं-कीं आवाज करतो. एसी लावल्यावरच आवाज आणि वास येत असेल तर कंप्रेसर जड झालाय. एसी बंद ठेवून गॅरेज गाठा. बेल्ट तुटला तर अल्टरनेटर थांबतो आणि काही गाड्यांत पाण्याचा पंपही. आवाज नसेल तर टायर बघा. हवा कमी असलेला टायर, किंवा मोठे टायर बसवल्यावर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासणारा टायर, हाच वास देतो.

गाडीखाली काही चिकटल्याचा वास कसा ओळखायचा?

प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटली तर वास एकदम येतो, तीव्र असतो आणि दिवसभर रेंगाळतो. गाडी पूर्ण गार झाल्यावर लाकडी काडीने खरवडा, राहिलेलं हळूहळू जळून जातं. याने नुकसान होत नाही.

खरा धोका सुगीच्या दिवसांत रस्त्यावर पसरलेल्या पिकाचा. काही भागांत हुलगा, तूर, सोयाबीन रस्त्यावर टाकून वाहनांच्या चाकांनी मळणी करून घेतात. वाळलेले धांडे ॲक्सलला गुंडाळले जाऊन सायलेन्सरला टेकतात आणि धावती गाडी पेटते. जमलं तर बाजूने जा. जावंच लागलं तर पलीकडे गेल्यावर लगेच थांबून खाली वाकून बघा आणि गुंडाळलेलं सगळं काढा.

गाडी नवी आहे, तरी वास येतो.

पहिल्या काही शे किलोमीटरपर्यंत इंजिन आणि सायलेन्सरवरचा संरक्षक थर, रंग, नवे पॅड यांचा हलका वास येतो आणि कमी होत जातो. वाढत गेला, किंवा प्लास्टिकचा असला, तर नवेपणावर घालवू नका. शोरूममधून निघतानाच बसवून दिलेल्या ॲक्सेसरीजच्या वायरी आधी तपासायला लावा.

डिझेल गाडी अधूनमधून गरम, करपट वास देते आणि बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच त्याचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेऊन काजळी जाळते. तेव्हा आरपीएम थोडे वाढलेले दिसतात. हे नेहमीचं काम आहे. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवून ते पूर्ण होऊ द्या. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं आणि फिल्टर तुंबतो. काजळी जळत असताना गाडी गवतावर मात्र अजिबात उभी करू नका.

सीएनजी गाडीत वेगळं काय बघायचं?

सीएनजीला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो जळका नसतो. तो आला तर इंजिन बंद करा, दारं उघडा, दिवे-पंखा यांची बटणं दाबू नका, आणि टाकीचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. व्हॉल्व्ह कुठे आहे हे आजच बघून ठेवा, डिकीत सामान भरलेलं असताना तो सापडत नाही. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते.

धूर वाढला, ज्वाळा दिसल्या. आता?

आधी सेंट्रल लॉक उघडा. वायरिंग जळालं की लॉक आणि काचा दोन्ही अडकू शकतात. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली, ती दारं-काचा न उघडल्यानेच. काच फोडायची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी असावी.

माणसं बाहेर, निदान शंभर फूट लांब. सामानासाठी परत जायचं नाही. ११२ किंवा १०१ लावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा. एक किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक असेल तर तो जेमतेम दहा सेकंद चालतो. बोनेट फक्त बोटभर सैल करून फटीतून ज्वाळेच्या बुडाशी मारा. तो संपला आणि आग उरली तर मागे व्हा. हा डबा डिकीत ठेवला तर वेळेवर हाती लागत नाही. चालकाच्या सीटखाली क्लॅम्पने घट्ट बसवा, सुटा राहिला तर ब्रेकच्या पेडलखाली घरंगळेल.

इलेक्ट्रिक गाडीत जळका वास आला तर?

ब्रेक, टायर, साधी वायरिंग यांचे वास इथेही तेच. पण खालच्या बॅटरीकडून वास, सळसळ किंवा पांढरा धूर आला तर थांबा, उतरा आणि दूर जा. ती आग छोट्या डब्याने विझत नाही आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते. अग्निशमन दलाला गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधी सांगा. चार्जिंग करताना प्लग किंवा सॉकेट तापून वास येत असेल तर घरचं वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्डवर गाडी चार्ज करू नका.

मेकॅनिककडे गेल्यावर वास येतच नाही. त्याला काय सांगू?

किती वेळ चालवल्यावर आला, चढ होता की उतार, एसी चालू होता का, किती माणसं होती, काचा बंद असताना जास्त होता का, गेल्या महिन्यात काय काम केलं किंवा काय बसवलं. हे मोबाइलवर त्याच वेळी टिपून ठेवा. मग आग्रह धरा की त्याने तुमच्यासोबत एक फेरी मारावी, शक्यतो चढावर. ‘काही नाही, चालवा’ असं गाडी न फिरवता सांगणाऱ्याकडून दुसरीकडे जा. बदललेले भाग परत मागा. करपलेली क्लच प्लेट किंवा वितळलेला कपलर डोळ्यांनी दिसतो.

आग लागली तर विमा मिळतो का?

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण हवं. त्यातही बाहेरून बसवलेला सीएनजी किट आरसीवर आणि पॉलिसीत नोंदवलेला नसेल, किंवा वायरिंगमध्ये फेरफार केलेला सापडला, तर दावा अडतो. म्हणून ॲक्सेसरीजची बिलं जपून ठेवा आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी त्या पॉलिसीत लिहून घ्या.